टी पुसून एफ

माल्याला रेल्वे नव्हती, आजही नाही. आगगाडी बघायची तर पौडावरून पुण्याला जावं लागे, आणि आमच्या घरातल्या निम्म्या माणसांनी ती मरेपर्यंत पाहिली नाही. तरीसुद्धा आमची ओसरी फर्स्ट क्लास होती, माजघर सेकंड आणि गोठा थर्ड. आईच्या चुलीमागच्या भिंतीवर, धुरानं काळ्या पडलेल्या जागी, वीतभर उंचीचं एक पांढरंशुभ्र इंग्रजी वाय होतं. वाय म्हणजे बायकांचा डबा. हे सगळं तात्यांचं काम. पहिल्या दिवशी आई त्या अक्षराकडे बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ह्ये काय काडलंय माज्या चुलीवर? नजर लागू नये म्हनून हाय का लागावी म्हनून?"

तात्या हे आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, थोरले चुलतभाऊ. सगळी हयात त्यांनी मुंबईला रेल्वेचे डबे बांधायच्या कारखान्यात काढली. तिथे त्यांचं काम डब्याच्या अंगावर अक्षरं काढण्याचं. डबा रंगवणारे वेगळे आणि डब्यावर अक्षर काढणारे वेगळे. हा फरक ज्याला कळत नसे त्याच्याशी तात्या फार वेळ बोलत नसत. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. नोकरी संपली तशी एक पत्र्याची पेटी, फडक्यात गुंडाळलेले कुंचले आणि रेल्वेचा एक पास घेऊन ते आमच्याकडे राहायला आले. ज्या गावाला स्टेशन नाही त्या गावात तो पास ते खिशात घालून हिंडत. शेतीचं काम त्यांना येत नव्हतं आणि शिकायचं वय राहिलं नव्हतं. मग त्यांनी घराला शिस्त लावायला घेतली. सफेदा अळशीच्या तेलात कालवण्याचा तो वास आणि पत्र्याच्या डब्यात कुंचला ढवळल्याचा खळखळ आवाज, हे माझ्या लहानपणाचे आवाज आणि वास आहेत. इतरांच्या आठवणींत जात्यावरच्या ओव्या असतात. आमच्याकडे जात्यावर 'एल' होतं, कारण ते सामानात, म्हणजे लगेजात, मोडत असे.

माझी इंग्रजी मुळाक्षरं अशी तात्यांच्या हातून सुरू झाली, त्यामुळे ती एफपासून सुरू झाली. एफ, एस, टी, वाय, एल. ए, बी, सी वगैरे पुढे कधीतरी पौडाच्या शाळेत भेटले, पण ते मला उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखे वाटत राहिले. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "इंग्रजीतलं पहिलं अक्षर कोणतं?" मी उभी राहून सांगितलं, "एफ. फर्स्ट." वर्ग हसला. मला ते आजही फारसं चुकलेलं वाटत नाही. जगात पहिल्या नंबरावर काय आहे, ते एवढ्या लवकर कळलेली मुलगी त्या वर्गात मी एकटीच होते.

ही अक्षरं आली कुठून, हा आमच्या ओसरीवरचा कायमचा विषय. दिवेलागणीला आबांकडे चारदोन माणसं टेकत, नाचणीची भाकरी आणि सुकटीचं कालवण चुलीवरून उतरेपर्यंत गप्पा चालत. तात्या सांगत, की साहेबाच्या काळात एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनाला डबे मागवायचे ते तारेनं. आता 'प्रवाशांसाठी तिसऱ्या वर्गाचा एक डबा, त्यात सामानाची जागा आणि गार्डाची खोली' एवढं सगळं टकटक वाजवता वाजवता तारमास्तरचं बोट दुखायला लागे. म्हणून मग एकेक अक्षर. टीएलआर म्हटलं की संपलं. जास्त गोष्टी एका डब्यात असल्या की अक्षरं आगगाडीसारखी एकामागे एक जोडायची, मानाचं पुढे, बिनमानाचं मागे. "बगा, टी पुडं आन एल मागं," तात्या म्हणत. "थर्डचा मानूस सामानाच्या वर." किती वर, ते त्यांच्या आवाजातून कळे. फार वर नाही. त्यांच्या सगळ्या कथांमध्ये मला ही एकच खरी वाटत आली आहे, कारण हिच्यात शेवटी कुणी थोर ठरत नाही, फक्त एका माणसाचं बोट दुखतं.

खरं भांडण होतं ते वायवरून. एफ, एस, टी यांचं कळण्यासारखं होतं, पण बायकांना वाय का? तात्यांचं म्हणणं, एक मड्डम फलाटावर दोन्ही हात वर करून ओरडत उभी होती, तिला पाहून रंगाऱ्यानं तसं काढलं. हेडमास्तर एकदा आले असताना म्हणाले, की ते लॅटिनमधून आलेलं आहे. "तुमास्नी येतं का लॅटिन?" आबांनी विचारलं. "येत नाही," हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "पण हे लॅटिनच." पण जात्यावरचं एल रोज डोळ्यांसमोर होतं, आणि मला वाटे की उत्तर तिथेच आहे. इंग्रजीत बायकांचं अक्षर एलच व्हायला हवं होतं, पण ते सामानानं आधीच घेऊन टाकलं होतं. आगगाडीत सामान आधी आलं, बायका मागून आल्या. मग उरलेल्या अक्षरांच्या ढिगात कुणीतरी हात घातला आणि जे हाताला लागलं ते आमच्यापुढे टाकलं. पुढे आयुष्यात सवड मिळाली तेव्हा मी याबद्दल हाताला येईल ते वाचलं. कुणीही ठामपणे काही सांगत नाही. माझा तर्क चुकीचा असू शकेल. पण तो खरा वाटायला मला कधी पुराव्याची गरज भासली नाही.

तात्यांच्या मनात एक काटा होता आणि तो ते रोज काढून दाखवत. त्यांची नोकरी संपत आली असताना सरकारनं जुना फर्स्ट क्लास रद्द केला. आता सगळे समान, असं म्हणून पेपरांनी टाळ्या वाजवल्या. पण वरचा वर्ग गेला म्हणजे काय झालं, तर सेकंडला फर्स्ट म्हणायचं ठरलं आणि इंटरला, म्हणजे सेकंड-थर्डच्या मधल्या वर्गाला, सेकंड. डबे तेच, गाद्या त्याच, पंखे तेच. तात्यांनी आपल्या हातानं एस खरवडून तिथे एफ काढले आणि आय खरवडून एस. ज्यांच्या खिशात सेकंडचे पास होते ते साहेबलोक रात्रीतून फर्स्टचे झाले. तात्यांच्या खिशात थर्डचा होता. "समदे एकेक पायरी वर चडले," ते म्हणत, "आन थर्ड हुता तितंच बसून ऱ्हायला. मी इचारलं फोरमनला, आमचं काय? तर म्हनला, तुमचं बदलायचं काय, तुमी हायेतच." अक्षर खोटं काढायचं नाही, हा तेव्हापासून त्यांचा बाणा. डब्यावर जे लिहिलंय ते डब्यात असलं पाहिजे. म्हणून तर त्यांनी गोठ्याला कधीही फर्स्ट म्हटलं नाही, जरी आमच्या घरातला सगळ्यांत हवेशीर भाग तोच होता.

माझं लग्न ठरलं ते या सगळ्याच्या मध्यावर. 'पुन्हा' ठरलं, असं म्हणायला हवं. आदल्या वर्षी एक सोयरीक सुपारी फुटल्यावर मोडली होती. कारण काय ते कुणी सांगितलं नाही, आणि कारण सांगितलं नाही की गाव आपलं कारण लावतं. पाणवठ्यावर बायका मी आल्यावर गप्प व्हायच्या. आईनं उपास वाढवले. मग नेऱ्याचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर होता. बघायला आले तेव्हा सगळ्यांनी स्वयंपाक, शिवण, दळण विचारून घेतलं आणि शेवटी त्या मुलानं, मान खाली घालून, विचारलं, "वाचायला आवडतं का?" मी म्हटलं, "आवडतं, पण घरात पंचांगाशिवाय काही नाही." तो म्हणाला, "मग पंचांग तरी वाचता ना?" मी म्हटलं, "दोनदा झालं वाचून." तेव्हा तो हसला. पुढे निघताना जोडे घालता घालता आबांना म्हणाला, "आमच्या शाळेत एक कपाट आहे पुस्तकांचं. किल्ली माझ्याकडेच असते." त्या किल्लीचा मी पुढचे दोन महिने जो विचार केला, तसा विचार कुठल्याही मुलीनं दागिन्याचा केला नसेल. हे लग्न मोडलं असतं तर तिसरं स्थळ आलं नसतं, हे आईला माहीत होतं. तिसरं आलं असतं तरी त्याच्याकडे कपाट नसतं, हे मला माहीत होतं.

वऱ्हाड भाड्याच्या ट्रकनं पौडापर्यंत येणार आणि पौडापासून माल्यापर्यंत बैलगाड्या आमच्या, असं ठरलं. ही व्यवस्था तात्यांनी मागून घेतली. गावातून पाच गाड्या मिळाल्या. तात्यांनी त्यांची तपासणी केली. चाकाला हातोडी मारून आवाज ऐकला, जणू काही त्या कल्याणला जाणार होत्या. आणि मग ज्या गाडीची जशी लायकी तसं तिच्या मागच्या फळीवर अक्षर काढलं. गादी घातलेली आमची गाडी एफ, नवरदेव आणि त्याच्या वडिलांसाठी. तिच्याखालोखाल एस, मानकऱ्यांसाठी. वाय बायकांसाठी, एल सामानाला. टी लागलं सखारामाच्या गाडीला. सखाराम म्हणजे आमच्या बांधाला लागून बांध असलेला शेतकरी. गाडी जुनी, पण बैल तालुक्यात नावाजलेले. तो रंग वाळायच्या आत येऊन उभा राहिला.

"तात्या, टी म्हंजी काय?"

"थर्ड."

"माजी बैलं थर्डची हायेत व्हय?"

"बैलांचं न्हाई रं. गाडीचं हाय."

"गाडी वडतंय कोन मग? तुमची फळी?"

शेवटी आबांनी मध्ये पडून त्याला चहा पाजला. सखाराम चहा प्यायला, पण बैलांच्या शिंगांना त्यानं लाल रंग, गोंडे आणि आरसे असं काही लावलं, की इतर चार गाड्या त्या गाडीच्या नोकर वाटाव्यात.

लग्नाच्या दिवशी, वैशाखाच्या उन्हात, तात्या पौडाला उभे होते. मी अर्थातच घरात होते, मुंडावळ्या बांधून आतल्या खोलीत बसवलेली. पण पुढचा सगळा प्रकार मला सखारामाच्या मुलीनं, माझ्या मैत्रिणीनं, शिवेवरून धावत येऊन हप्त्याहप्त्यानं सांगितला. झालं असं, की ट्रकमधून आधी बायका उतरल्या. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती, पण गादी कळत होती. त्या सरळ एफमध्ये चढल्या. तात्या म्हणाले, "बाई, ह्यो डबा तुमचा न्हाई." तर नवरदेवाची आत्या म्हणाली, "डबा? कुटं हाय डबा? शेव हाय का त्यात?" एस भरला पोरांनी. मागे राहिली ती वाय, तिच्यात नवरदेव आणि त्याचे वडील बसले, कारण सावली तिच्यावर होती. आणि सगळ्यांत शेवटी, पौडाच्या हॉटेलात चहा पिऊन, नवरदेवाचे मामा आले. त्यांनी बैल पाहिले, लाल शिंगं पाहिली, आरसे पाहिले, आणि हीच मानाची गाडी असं समजून ते सखारामाच्या गाडीत पुढून चढून बसले.

या मामांबद्दल सांगायला हवं. ते मुंबईला रेल्वेत तिकीट तपासणीस होते आणि लग्नाला काळा कोट घालून आले होते. वैशाखात. माणसाचा दर्जा पाठीवर घालून हिंडण्याची एवढी जिद्द मी नंतर फक्त विद्यापीठांच्या पदवीदानात पाहिली. शिवेवर गाड्या थांबल्या. वाजंत्री वाजू लागली, आबा नारळ घेऊन पुढे झाले. मामा खाली उतरले, कोट झटकला, मागे वळले आणि त्यांना फळी दिसली. साऱ्या वऱ्हाडात ती वाचता येणारा आणि तिचा अर्थ कळणारा तो एकच माणूस होता. दैवाला अशी माणसं नेमकी सापडतात.

"हे काय आहे?" मामांनी विचारलं.

"टी," तात्या म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"मला थर्डमधून आणलं?" मामा पुढच्या गाडीकडे गेले. तिथलं वाय त्यांनी वाचलं, मग आत बसलेल्या भाच्याकडे पाहिलं. "आणि नवऱ्या मुलाला बायकांच्या डब्यातून? अहो, रेल्वेत लेडीजमध्ये पुरुष सापडला तर मी त्याला पुढच्या स्टेशनात उतरवतो, दंड करतो! आणि आज माझा स्वतःचा भाचा?"

नवरदेव म्हणाले, "मामा, मला कुठल्याही डब्यातून उतरवा, पण मांडवात उतरवा."

हे वाक्य मैत्रिणीनं मला धापा टाकत सांगितलं तेव्हा मी ठरवलं, की लग्न झालंच पाहिजे. कपाट नसतं तरी चाललं असतं.

पण मामा शिवेवरच्या उंबराखाली जाऊन बसले. रुसवा हा लग्नात असतोच. कुणी रुसायचं ते साधारण ठरलेलं असतं, कशावरून ते तेवढं ऐनवेळी ठरतं. आईनं त्यासाठी एक फेटा वेगळा काढूनही ठेवला होता. तो नेला. मामा म्हणाले, "फेट्यानं टी झाकला जात नाही." नारळ नेला. सरबत नेलं. नवरदेवाचे वडील मऊ माणूस, पण मेव्हण्यापुढे त्यांचं चालत नव्हतं. मामांचं म्हणणं एकच, हे ज्यानं लिहिलं त्यानं सगळ्यांदेखत सांगावं की चुकलं, नाहीतर ट्रक पौडाला उभाच आहे. आणि तात्यांचं म्हणणं, अक्षर चुकलेलं नाही, बसणारे चुकले. गोरज मुहूर्त जवळ येत होता. गुरं परतायला लागली होती. आचाऱ्यानं गव्हाची खीर उतरवून ठेवली होती आणि आंबेमोहोराच्या भाताचा वास मांडवभर पसरला होता. माझी आई त्या वासात उभी राहून रडत होती, आवाज न करता, पदराचं टोक तोंडात धरून. मागच्या वर्षीही ती अशीच रडली होती. तेव्हा मी तिच्याकडे बघू शकले होते. या वेळी मी भिंतीकडे तोंड केलं.

तेवढ्यात तात्या शिवेवरून घरी आले आणि माझ्या खोलीच्या खिडकीखाली, बाहेरच्या बाजूला, धपकन बसले. त्यांना वाटलं आत कुणी नाही. ते स्वतःशीच बोलत होते. "चुकलं म्हना म्हनं. काय चुकलं? टी न्हाई तर काय हाय त्ये?"

नवरीनं बोलायचं नसतं. मी खिडकीच्या गजांना तोंड लावलं.

"तात्या, चुकलं म्हनू नका. एफ करा."

"काय करू?"

"टीचा एफ करा. गाडी तीच, घोंगडी तीच. सरकारनं न्हाई का केलं?"

"इंदे," तात्या म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता, "सरकारनं सांगितलं तवा मी सरकारचं मीठ खात हुतो. आता कुनाच्या मिठासाटी खोटं अक्षर काडू?"

"मिठासाटी नगं. आज खीर हाय," मी म्हटलं. "माज्या लग्नाची हाय. ती खायला मानसं पायजेत."

मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त टोपीचा काठ दिसत होता. मग ते उठले आणि गोठ्याकडे गेले. थोड्या वेळानं खिळ्यानं डब्याचं झाकण उचकटल्याचा आवाज आला, आणि मग तो खळखळ आवाज, कुंचला ढवळल्याचा. आयुष्यात नंतर मी मोठमोठी गाणी ऐकली. मला अजून कुठलंही त्या आवाजाइतकं गोड लागलेलं नाही.

तात्यांनी शिवेवर जाऊन काहीही भाषण केलं नाही. एका हातात रॉकेलचं फडकं, दुसऱ्यात डबा. सगळं वऱ्हाड भोवती उभं राहिलं. टीचा डावा हात त्यांनी फडक्यानं पुसला. मग पोटातून एक आखूड हात उजवीकडे काढला. झाला एफ. जरा मधोमध उभा, जरा तोल गेलेला, पण एफ. मग ते मामांकडे वळून म्हणाले, "साहेब, डब्याचा वर्ग बदलला. हुकूम वरून आलाय."

मामा उठले. फळीजवळ गेले, चष्मा लावून त्यांनी अक्षर तपासलं, तिकीट तपासतात तसं. आणि मग, ज्या गाडीतून उतरून त्यांनी माझं लग्न अडवलं होतं त्याच गाडीत, त्याच गवतावरच्या त्याच घोंगडीवर, ते पुन्हा चढून बसले आणि शिवेपासून मांडवापर्यंतचं चार शेतांचं अंतर फर्स्ट क्लासनं आले. वाजंत्री वाजत होती. काळा कोट घामानं पाठीला चिकटला होता. चेहऱ्यावर समाधान होतं, आणि ते खरं होतं, याबद्दल मला शंका नाही. मांडवात त्यांनी तोच फेटा बांधून घेतला. पंगतीत तीन वेळा खीर मागून घेतली आणि तात्यांना शेजारी बसवून रेल्वेतल्या बढत्यांबद्दल बोलत राहिले. तात्यांनी खीर खाल्ली. पण त्या दिवशी ते वायबद्दलही काही बोलले नाहीत, मड्डमेबद्दलही नाही.

या प्रकरणात निखळ फायदा झाला तो सखारामाचा. त्यानं ते एफ कधी पुसू दिलं नाही. त्या गाडीतून शेणखत न्यायलाही तो पुढे कुरकुर करू लागला. "फष्टची गाडी हाय," म्हणे. "लोक काय म्हनतील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पाठवणी. नियमाप्रमाणे मी वायमध्ये बसायची, पण मामांनीच निर्णय दिला, की मग नवऱ्या मुलाला माझ्याबरोबर बसता येणार नाही, कारण लेडीजमध्ये पुरुषाला मनाई. म्हणून आम्ही दोघं सखारामाच्या गाडीत. मागून चढताना मी फळीला टेकले, कारण आई सोडत नव्हती. नेऱ्याला उतरले तेव्हा सासूबाईंनी पाठीमागून पाहिलं आणि हात कपाळाला लावला. माझ्या हिरव्या शालूच्या पदरावर, पांढऱ्या सफेद्यात, उलटा एफ उमटला होता.

"नव्या शालूला डाग! आल्या आल्या!"

"डाग नव्हे, अक्का," मामा म्हणाले. "क्लास आहे तो."

शालू अजून ट्रंकेत आहे. हिरवा रंग विटला, एफ तेवढा टिकला. कपाटाची किल्ली मास्तरांनी तिसऱ्या दिवशी माझ्या हातात दिली, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. हे लिहिता येतंय ते त्यामुळेच. परवा नातवानं मला दिल्लीला न्यायचं म्हणून तिकीट काढलं. मी विचारलं, कुठल्या वर्गाचं? तो म्हणाला, "थर्ड एसी." चांगलं महागाचं होतं. थर्ड म्हणवून घ्यायला एवढे पैसे मोजणारी पिढी बघायला तात्या हवे होते, असं मला वाटलं. मग वाटलं, बरं झालं नाहीत.

ते गेले त्याच्या थोडं आधी सरकारनं थर्ड क्लास रद्द केला. तात्या तेव्हा आमच्याकडे नेऱ्याला आले होते, डोळ्यांना कमी दिसायचं, ओसरीवर भिंतीला टेकून करवंदं निवडत बसले होते. आमच्या मास्तरांनी पेपरातून मोठ्यानं वाचून दाखवलं, "तात्या, थर्ड गेला. आता थर्डलाही सेकंडच म्हणायचं." मला वाटलं, इतक्या वर्षांनी त्यांचीही पायरी चढली, ते काहीतरी बोलतील. त्यांनी विचारलं, "डबे नवीन येनार हायेत?"

"नाही. तेच."

"बाकडी?"

"तीच म्हणायची."

तात्यांनी हातातलं करवंद सुपात ठेवलं. त्यांच्या उजव्या हाताचं बोट आपोआप मांडीवर फिरायला लागलं. त्यांनी एक टी काढला, त्याचा डावा हात पुसला, थांबले, पुन्हा काढला. मग मान हलवून माझ्याकडे वळले.

"टीचा एफ व्हतो, इंदे," ते म्हणाले. "टीचा एस न्हाई व्हत. समदा पुसावा लागतो."